कामरानच्या बेटापासून विमानतळाच्या खिडकीपर्यंत

महाराष्ट्रात मालेगाव नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एक नाशिक जिल्ह्यातले, यंत्रमागांचे, सगळ्या देशाला ठाऊक असलेले. दुसरे आमचे, वाशिम जिल्ह्यातले, अकोल्याहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सोयाबीन-तुरीच्या शिवारातले. जुनी माणसे त्याला मालेगाव जहांगीर म्हणतात. पासपोर्टावर मात्र जन्मस्थानाच्या रकान्यात नुसते 'मालेगाव, महाराष्ट्र' असे छापलेले असते. जिल्ह्याला तेथे जागा नाही.

या एका ओळीचे वजन काही वर्षांपूर्वी आम्हाला कळले. अब्बा आणि अम्मी यांना घेऊन आम्ही उमराहसाठी निघालो होतो. एका विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने आमचा पासपोर्ट उघडला, नाव वाचले, जन्मस्थान वाचले आणि मान वर करून विचारले, "मालेगाव? कौनसा मालेगाव?" आम्ही घाईघाईने उत्तर दिले, "वो नहीं साहब, वो बमवाला नहीं. हमारा वाशिम जिले का है." तरीही आम्हा तिघांना बाजूच्या बाकावर बसवण्यात आले. पाऊण तासाने बोलावणे आले, शिक्के पडले, आम्ही पुढे गेलो. कोणी उद्धट बोलले नाही. अब्बांना तर एका शिपायाने पाणीही आणून दिले. कारण मात्र कोणी सांगितले नाही.

विमानात बसल्यावर अब्बा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "'वो नहीं' बोलने की क्या जरूरत थी?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हाला देता आले नाही. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो. म्हणून उत्तर शोधायला आम्ही इतिहासातच गेलो. तेव्हा लक्षात आले, की प्रवासाला निघालेल्या मुसलमानाची तपासणी ही २००१ सालानंतर सुरू झालेली गोष्ट आहे असे आपण समजतो, ते खरे नाही. ती जवळजवळ दीडशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात विमानतळावर झाली नाही, आगबोटीच्या डेकवर झाली.

कामरानचे बेट

मोगलांच्या काळात सुरत बंदराला 'बाब-उल-मक्का' म्हणजे मक्केचे दार म्हणत. एकोणिसाव्या शतकात तो मान मुंबईकडे आला. केवळ हिंदुस्थानातलेच नव्हे, तर बुखारा-समरकंदकडचे हाजीदेखील मुंबईला येऊन जहाज पकडत. आगबोटी सुरू झाल्यावर भाडे उतरले आणि ज्यांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नव्हता असे शेतकरी, विणकर, फकीर हजला निघू लागले.

१८६५ च्या हजमध्ये पटकीची भयंकर साथ आली. सुमारे ९० हजार हाजींपैकी १५ हजार दगावले असा अंदाज आहे. परतणाऱ्या हाजींबरोबर साथ इजिप्तमध्ये आणि तेथून भूमध्य समुद्राच्या बंदरांतून युरोपात पोहोचली. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी आणि डॉक्टर कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेसाठी जमले. पटकीचे मूळ हिंदुस्थानात आहे आणि हाजींच्या काफिल्यांतून ती पसरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, जहाजांच्या फेऱ्या वाढल्या, तशी युरोपची धास्तीही वाढली. हाजी म्हणजे रोग घेऊन हिंडणारा माणूस, ही प्रतिमा या काळात तयार झाली.

त्यातून कामरान उभे राहिले. तांबड्या समुद्रात येमेनच्या किनाऱ्याजवळ हे उजाड, उष्ण बेट आहे. तुर्की सरकारने १८८२ च्या सुमारास तेथे क्वारंटाइनचे ठाणे उघडले. मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हाजींच्या आगबोटींनी आधी येथे थांबायचे. साऱ्या उतारूंनी खाली उतरायचे. कपडे आणि बिछाने वाफेच्या यंत्रात घालायचे, अंघोळ करायची, मग झोपड्यांत दिवस मोजत राहायचे. साथीचा संशय असेल तर मुक्काम दहा दिवसांवर किंवा त्याहूनही पुढे जाई. वर या मुक्कामाची फीदेखील हाजींनीच भरायची.

येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. रोग खरा होता. पटकीने सर्वांत जास्त हाजीच मेले, युरोपियन नव्हेत. तेव्हा तपासणीच नको होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच तांबड्या समुद्रातून मुंबईची टपाल-आगबोट साहेब लोकांना घेऊन युरोपात जाई, तिच्या उतारूंना कामरानला उतरावे लागत नसे. पटकीचे जंतू केबिन आणि डेक असा भेद करीत नाहीत, तपासणी मात्र करीत होती. इतिहासात नोंदवण्यासारखी गोष्ट ही आहे.

कागदही याच काळात आला. तुर्की सरकार हाजींकडे पासपोर्ट मागू लागले, म्हणून १८८० च्या दशकात इंग्रज सरकार हाजींना खास पासपोर्ट देऊ लागले. मुंबईत हाजींच्या रक्षणासाठी म्हणून 'प्रोटेक्टर ऑफ पिलग्रिम्स' हा अधिकारी नेमण्यात आला. १८८६ मध्ये सरकारने थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे हाजींच्या वाहतुकीचे काम सोपवले. गरीब हाजी आपल्याला परवडत नाहीत हे उमगल्यावर १८९३ मध्ये कंपनीने ते सोडून दिले. परतीचे पैसे नसलेल्या फकिराला जाऊ द्यावे की नाही, यावर सरकारदरबारी कित्येक वर्षे खल चालला. अखेर १९२५ च्या कायद्याने हाजीने परतीचे तिकीट काढावे किंवा रक्कम अनामत ठेवावी असे ठरले. आज व्हिसाच्या अर्जाबरोबर बँकेचे पासबुक आणि परतीचे तिकीट दाखवताना आपण जे करतो, त्याची सुरुवात आपल्या पणजोबांच्या पिढीने केली आहे.

मदनपुऱ्याचे विणकर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगचे निदान झाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. त्या कायद्याने सरकारला घराघरात शिरून आणि रेल्वेचे डबे थांबवून माणसे तपासण्याचा अधिकार मिळाला. १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाणेच बंद करण्यात आले. शेकडो वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. पैसे गाठीला बांधून, घरच्यांचा निरोप घेऊन मुंबईला आलेली माणसे बंदरावरून परतली.

रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंना फलाटावर उभे करून डॉक्टर काखा आणि जांघा चाचपून पाहत. प्लेगची गाठ तेथेच येते, म्हणून तपासणीही तेथेच. स्त्रियांची तपासणी हा फार मोठा प्रश्न झाला. पुण्यात सोजिरांनी घरांत शिरून जे केले त्याने शहर संतापले आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडण्यात आली. चापेकर बंधूंची ही हकिकत महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत शिकवली जाते, आम्हीही शिकवतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत घडलेली हकिकत मात्र पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, जुलाह्यांच्या वस्तीत, प्लेगचे पथक एका घरातल्या आजारी मुलीला तपासायला आणि इस्पितळात न्यायला आले. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मुलगी द्यायला नकार दिला. जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. हे जुलाहे म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेले मोमीन विणकर. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांचेच भाईबंद भिवंडीला आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावला जाऊन स्थायिक झाले होते.

दंगलीचे समर्थन आम्ही करणार नाही. तीत निरपराध माणसे मेली, त्यात गोरे सोजीरही होते. पण पुण्याचे ब्राह्मण आणि मुंबईचे जुलाहे एकाच गोष्टीने दुखावले होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. दोघांनाही रोग झाकायचा नव्हता, आपल्या बायका-मुलींच्या अंगाला परक्याने रस्त्यावर हात लावू नये एवढेच म्हणायचे होते. पुढे सरकारने नियम सैल केले, स्त्री-डॉक्टर नेमल्या, जातवार आणि जमातवार इस्पितळे उघडू दिली. तपासणी थांबली नाही, पण तिची रीत बदलली. रीत बदलता येते, हा या दोन वर्षांचा धडा आहे. आज विमानतळावर स्त्रियांची झडती पडद्याआड आणि स्त्री-शिपायाकडूनच होते. त्या पडद्याला हा इतिहास आहे.

दहा बोटे

आता बोटांच्या ठशांकडे येऊ. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून कागदावर हाताचा ठसा घेतला, तेव्हापासून हा प्रयोग चालू झाला. पण लाखो ठसे जमले तर त्यांतून एक नेमका शोधायचा कसा, हे कोडे होते. ते सोडवले कलकत्त्याच्या पोलीस कचेरीतल्या दोन हिंदी माणसांनी. एक काझी अझीझुल हक, दुसरे हेमचंद्र बोस. हक हे गणिताचे हुशार विद्यार्थी. ठशांचे गणिती वर्गीकरण करून ते १,०२४ खणांत लावण्याची युक्ती त्यांची. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी सुरू झाली, १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने तीच पद्धत उचलली. जगात ती ओळखली गेली ती मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. हक यांना पुढे खान बहादूर ही पदवी मिळाली, शोधाचे श्रेय फार उशिरा मिळाले. ज्या विद्येने आज जगभर मुसलमान प्रवाशाची बोटे काचेवर ठेवली जातात, त्या विद्येत एका मुसलमानाची बुद्धी आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असू द्यावे.

हीच पद्धत समुद्रापार गेली आणि तिने एका लढ्याला जन्म दिला. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सवाल प्रांतात १९०६ मध्ये एक वटहुकूम निघाला. प्रत्येक आशियाई माणसाने दहाही बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवायचे, दाखला सतत जवळ बाळगायचा, पोलीस मागेल तेव्हा दाखवायचा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये हिंदी लोकांची सभा भरली. अध्यक्षस्थानी अब्दुल गनी होते. खुदाला साक्षी ठेवून हा कायदा मानणार नाही अशी शपथ घेऊ या, असे शेठ हाजी हबीब म्हणाले. गांधीजी त्या सभेत होते. शपथेचा अर्थ काय, हे त्यांनी सभेला समजावले आणि सत्याग्रहाची सुरुवात झाली.

जानेवारी १९०८ मध्ये समझोता झाला. सक्ती काढली तर आपण स्वेच्छेने ठसे देऊ, असे गांधीजींनी मान्य केले. तेव्हा मीर आलम नावाचा पठाण चिडला आणि १० फेब्रुवारीला त्याने नोंदणीला निघालेल्या गांधीजींना रस्त्यात जबर मारहाण केली. पुढे सरकारने शब्द फिरवला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. ठसा देण्यात मान जातो की नाही यावर गांधीजी आणि मीर आलम यांचे एकमत नव्हते. पण एका विशिष्ट जमातीकडूनच, गुन्हेगार समजून, सक्तीने ठसा घेणे हा अपमान आहे यावर दोघांचेही एकमत होते. नियम सर्वांना सारखा असेल तर ती तपासणी, काहींनाच असेल तर ती बेइज्जती, एवढा साधा हा हिशेब आहे.

आता आमच्या प्रवासात परत येतो. त्या प्रवासात सौदीच्या विमानतळावर अब्बांनी काचेवर बोटे ठेवली आणि यंत्राने ती नाकारली. पुन्हा ठेवली, पुन्हा नाकारली. अब्बांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले. चुना आणि सिमेंटने त्यांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच खाल्ल्या होत्या. तेथल्या तरुण अधिकाऱ्याने ओल्या कागदाने स्वतः त्यांची बोटे पुसली, एकेक बोट दाबून पाहिले, शेवटी हसून "या हाजी" म्हणत जाऊ दिले. यंत्रापुढे माणूस बसलेला असेल आणि त्याला समज असेल, तर वाट निघते.

आजोबांची पेटी आणि शाळेचा दाखला

आमचे आजोबा सत्तरच्या दशकात हजला गेले. एसटीने अकोला, तेथून रेल्वेने मुंबई, मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मोगल लाइनच्या 'अकबरी' जहाजाने आठवडाभराचा प्रवास. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत हजचा पास आणि देवी-पटकीच्या टोचणीचे पिवळे पुस्तक अजून आहे. पासवरच्या फोटोत ते घाबरलेले दिसतात. आयुष्यातला तो त्यांचा पहिला फोटो. १९९५ मध्ये हाजींची जहाजे कायमची थांबली आणि सारा प्रवास विमानाचा झाला. आता विदर्भाचे हाजी नागपूरहून उडतात. हजसाठी वेगळा पास देण्याची पद्धत होती तीही गेली. २००९ पासून हाजीलाही इतरांसारखा आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागतो.

या बदलाची धावपळ आमच्यासारख्या शिक्षकांनी जवळून पाहिली. सत्तरीचे म्हातारे शाळा सोडल्याचा दाखला काढायला शाळेत येऊ लागले. आमच्या वऱ्हाडात आडनाव लावण्याची रीत फारशी नाही. रजिस्टरमध्ये नाव असते 'शे. रहीम शे. करीम'. रेशनकार्डावर तोच माणूस 'शेख रहीम', मतदार यादीत 'रहीम शेख' आणि आधार कार्डावर भलतेच काही. 'मोहम्मद' तर मो., महंमद, मुहम्मद, मोहंमद अशा कितीतरी रूपांत हिंडतो. मास्तराने घाईत टाकलेला एक ठिपका चाळीस वर्षांनी विमानतळावर माणसाला अडवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टावर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम केला. हा नियम काही इस्लामच्या वैऱ्यांनी केलेला नाही. प्रत्येक अडवणुकीत वैर शोधू नये, एवढे तरी यातून शिकावे.

दुसरे उदाहरण शिक्षणाचे. १९८३ च्या देशांतर कायद्याने आखातात मजुरीला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला सरकारी परवानगी लागते. ती देणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही 'प्रोटेक्टर'. दहावी पास झालेल्याला या परवानगीची गरज पडत नाही. आमच्या वर्गात गणिताला कंटाळून शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला आम्ही हे सांगतो. दहावीच्या गुणपत्रिकेने जगातली एक रांग कमी होते.

नावाची तपासणी

विमानातल्या झडतीचा उगम अपहरणांत आहे. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली. आपल्याकडे डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारचे अपहरण झाले आणि २००० पासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. ११ सप्टेंबर २००१ नंतर सारेच बदलले. योगायोग पाहा, एम्पायर थिएटरची सभाही ११ सप्टेंबरचीच. २००२ मध्ये अमेरिकेने २५ देशांतील पुरुषांची खास नोंदणी सुरू केली. त्यांतील २४ देश मुस्लिमबहुल होते. २०११ मध्ये ती थांबवण्यात आली.

आपल्या माणसांच्या वाट्याला काय आले, त्याची ही काही उदाहरणे. २३ ऑगस्ट २००६ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून मुंबईला निघालेले विमान लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात परत फिरवण्यात आले आणि १२ हिंदी प्रवाशांना अटक झाली. विमानातल्या सुरक्षारक्षकांना त्यांचे वागणे संशयास्पद वाटले होते. दुसऱ्या दिवशी, काहीही न सापडल्याने, सारे सुटले. जुलै २००७ मध्ये डॉ. मोहम्मद हनीफ यांना ब्रिस्बेनच्या विमानतळावर, मायदेशी निघालेले असताना, पकडण्यात आले. लंडन-ग्लासगोच्या कटातल्या नातलगाला त्यांनी आपले मोबाइलचे सिमकार्ड दिले होते, एवढाच धागा. त्याच महिन्यात आरोप मागे घेतले गेले. ऑस्ट्रेलियाने न्यायाधीशांकडून चौकशी करवली, डॉक्टरांविरुद्ध पुरावा नव्हता हे मान्य केले आणि २०१० मध्ये नुकसानभरपाई दिली. चूक झाल्यावर ती कबूल करण्याची पद्धत कशी असावी, याचा हा नमुना आहे.

एप्रिल २००९ मध्ये तर माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसांनी झडती घेतली. माजी राष्ट्रपतींना अशा झडतीतून आपल्या नियमांनी सूट आहे. कलाम साहेबांनी तक्रार केली नाही. प्रकरण जुलैत बाहेर आले, संसदेत गाजले आणि कंपनीने माफी मागितली. त्याच ऑगस्टमध्ये शाहरुख खान यांना न्यूआर्कच्या विमानतळावर थांबवून प्रश्न विचारण्यात आले. २०१२ आणि २०१६ मध्येही त्यांना असा अनुभव आला.

मोठ्यांसाठी राजदूत फोन करतात, मंत्री निवेदन काढतात. आमच्यासारख्यांसाठी बाक असतो. पण मोठ्यांच्या उदाहरणातून एक गोष्ट सिद्ध होते. पटकीच्या तपासणीला लस हे उत्तर होते. कागदाच्या तपासणीला नीट भरलेला अर्ज हे उत्तर आहे. नावाच्या तपासणीला प्रवाशाकडे काहीच उत्तर नसते. तो राष्ट्रपती झाला तरी नाव तेच राहते. म्हणून शरीराची आणि सामानाची झडती आम्ही आनंदाने देऊ, कारण त्याच विमानात आमचीही मुलेबाळे बसतात. फक्त ती सर्वांची घ्यावी, थांबवले तर कारण सांगावे आणि चूक झाली तर दाद मागायला जागा असावी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात सांगितले आहे, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि तो मनमानीने काढून घेता येत नाही. आपले मागणे याहून जास्त नाही.

वो नहीं

आता अब्बांच्या प्रश्नाकडे.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली. कबरींवर फातेहा पढायला आलेली माणसे आणि भीक मागायला बसलेली मुलेही त्यात होती. नंतर पकडले गेले ते त्याच गावचे आणि आसपासचे नऊ मुसलमान. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जामिनाची वाट मोकळी झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण मेले. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. ज्यांचे गेले त्यांना आपले मारेकरी कोण, हे आजही न्यायालयाकडून कळलेले नाही.

म्हणजे बॉम्ब त्या गावाने टाकले नव्हते, ते त्या गावावर पडले होते. आणि आम्ही, इतिहास शिकवणारी माणसे, खिडकीपुढे उभे राहून त्या गावाला 'बमवाला' म्हणालो. आपली सुटका व्हावी म्हणून दुसऱ्याच्या जखमेला त्याचा गुन्हा ठरवले. संशयाची हीच मोठी हानी आहे. तो माणसाला पाऊण तास बाकावर बसवतो हे विसरता येते, पण तो आपल्याच तोंडून आपल्या भावाविरुद्ध साक्ष काढून घेतो. कामरानच्या बेटावर धडधाकट हाजी आजारी हाजीपासून दूर सरकत बसले असतील, कारण शेजाऱ्याला ताप आला की सगळ्यांचेच दिवस वाढणार. त्यांना आम्ही दोष देत नाही. आम्हीही तसेच वागलो.

या वर्षी पुन्हा शब-ए-बारातला आम्ही अब्बांबरोबर आमच्या गावच्या कब्रस्तानात गेलो. आजोबांच्या कबरीवर फातेहा पढून झाल्यावर अब्बांनी हात खाली घेतले नाहीत. त्या दुसऱ्या मालेगावातल्या मरहूमांसाठीही दुआ मागितली. आम्ही आमीन म्हटले. पुढच्या वेळी खिडकीतून कोणी विचारले, तर 'वाशिम जिल्हा' एवढेच सांगू. 'वो नहीं' म्हणणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरातही अशी एखादी पेटी असेल. तीत हजचा पास, टोचणीचे पुस्तक, जहाजाचे तिकीट किंवा आखातातून आलेले एखादे पत्र असेल. उर्दूत हजचे सफरनामे पुष्कळ आहेत, मराठीत फार थोडे. घरातले म्हातारे बोलते आहेत तोवर त्यांना विचारा, की बंदरावर काय तपासले, कोणी काय विचारले, त्यांनी काय उत्तर दिले. ते मराठीत लिहून ठेवा. सरकारच्या दप्तरात आपला ठसा आहे, आपले म्हणणे मात्र तेथे नाही.